गोणपाटापासून विद्यापीठाच्या कमानीपर्यंत : विद्यार्थ्यांचे बाबासाहेब



बाबासाहेबांचं चरित्र आपल्या घराघरात आहे. चवदार तळं, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, घटना, दीक्षाभूमी हे सगळं आपल्या आया-बहिणींना गाण्यांतून पाठ आहे. पण बाबासाहेब स्वतः विद्यार्थी म्हणून कसे जगले, आणि पुढं येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह, शिष्यवृत्ती, कॉलेज आणि विद्यापीठ यांत त्यांनी काय काय करून ठेवलं, हे मात्र आपल्या पोरांना धड माहीत नसतं. आज उमरग्यातली आपली मुलं-मुली कॉलेजात जातात, काही जण विद्यापीठापर्यंत पोचतात. ज्या वाटेनं ती जातात ती वाट कुणी आणि कशी पाडली, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

शाळेतलं गोणपाट

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिकवीत. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. आई भीमाबाई लहानपणीच गेल्या. पुढे कुटुंब साताऱ्याला आले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव तिथल्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली, तो याच कारणाने.

नाव दाखल झाले, पण वर्ग आपला झाला नाही. बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि संध्याकाळी ते काखेत मारून परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला हात लावत नव्हता. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. बघा, हे लेकरू शाळेत होतं, हजेरीपटावर त्याचं नाव होतं, सरकारच्या लेखी तो विद्यार्थी होता. तरी तो बाहेरच होता. प्रवेश मिळणे आणि सामावून घेतले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. नऊ-दहा वर्षांच्या वयात तहानेने ते शिकवले.

मुंबईला आल्यावर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये नाव घातले. परळला कामगारांच्या चाळीत एका खोलीत सगळा संसार. त्याच खोलीत चूल, त्यातच सरपण, त्यातच माणसं. रामजीबाबा पोराला लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत. शाळेत एकदा फळ्यावर गणित सोडवायला भीमरावाला बोलावले, तर पोरांनी आरडाओरड केली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते, ते त्यांनी आधी बाजूला केले. संस्कृत शिकायची फार इच्छा होती, पण ती भाषा अस्पृश्याच्या पोराला शिकवणार नाही असे ठरलेले. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या हिंमतीवर संस्कृत शिकून ग्रंथ वाचले, ही गोष्ट वेगळी.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. आपल्या समाजात ही नवलाची गोष्ट होती, म्हणून सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भीमरावांना भेट दिले. विहारात बसून हे वाचताना आपण लक्षात घेतले पाहिजे की, नागपूरच्या दीक्षेच्या ४९ वर्षे आधी एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या हातात बुद्ध दिला होता. याच केळुसकर गुरुजींनी पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली. त्या पंचवीस रुपयांवर एल्फिन्स्टन कॉलेजचं शिक्षण झालं. तिथेही उपाहारगृहवाला चहा-पाणी देत नसे. पण प्रा. म्युलर यांच्यासारखे प्राध्यापक पुस्तके देत. १९१२ साली ते बी. ए. झाले.

कोलंबियातला मोकळा वारा

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजीबाबा वारले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथं काय मिळालं? अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे विषय तर मिळालेच. प्रा. सेलिग्मन, प्रा. जॉन ड्यूई असे जगात नाव असलेले गुरू मिळाले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रंथालयातलं कुठलंही पुस्तक हात लावून काढता येत होतं, कुठल्याही टेबलावर बसून जेवता येत होतं. वसतिगृहात नवल भथेना या पारशी तरुणाशी दोस्ती झाली, ती जन्मभर टिकली. अमेरिकेत काळ्या लोकांवर त्या काळी मोठा अन्याय होत होता आणि बाबासाहेबांना त्याची जाण होती. पण ज्या पोराला साताऱ्यात नळ बंद होता त्याला विद्यापीठ म्हणजे काय असू शकतं, हे तिथं पहिल्यांदा कळालं.

दिवसाला अठरा-अठरा तास अभ्यास करून १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. केले. मे १९१६ मध्ये भारतातील जातींवर निबंध वाचला. जुनी पुस्तके विकणाऱ्यांच्या दुकानांतून सुमारे २००० ग्रंथ गोळा केले. मग लंडनला जाऊन अर्थशास्त्राच्या शाळेत आणि बॅरिस्टरीसाठी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. त्यातही दैव असं की, ग्रंथांच्या पेट्या ज्या बोटीवर होत्या ती बोट महायुद्धात बुडाली.

बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला कुणी जागा देईना. पारशी वसतिगृहातून लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियाचा विद्वान झाडाखाली बसून रडला. नंतर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करीत आणि काही सहकारी प्राध्यापक पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून कुरकुर करीत. शाळेतला नळ प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत पाठीमागे आला.

अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायचंच हा ध्यास होता. पगारातून पै-पै साठवली, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांकडून ५००० रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. अर्धपोटी राहून, ग्रंथालय उघडताना आत आणि बंद होताना बाहेर, असे दिवस काढले. १९२१ मध्ये एम. एस्सी., मग बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली. इकडे माता रमाईने उपाशीतापाशी संसार ओढला, पोटची लेकरं मातीआड केली. बाबासाहेबांच्या पदव्या मोजताना रमाईचे हे कष्ट त्याच हिशेबात धरले पाहिजेत.

एकट्याचं शिक्षण ते सर्वांचं शिक्षण

एवढ्या पदव्या घेतलेला माणूस सुखानं मोठी नोकरी धरून बसला असता. बाबासाहेबांनी तसं केलं नाही. त्यांना विद्यार्थी म्हणून जे जे नडलं होतं त्याची त्यांनी एक एक करून सोय लावायला घेतली.

पहिलं नडलं होतं ते राहायचं. जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ मध्ये या सभेने हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह उघडले, ते सोलापुरात. आपल्या गावावरून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याचंच वरचं टोक. आज आपली पोरं ज्या सोलापूरला एस. टी. ने दोन-अडीच तासांत जातात, तिथं शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी पोरांच्या राहण्या-जेवणाची काळजी केली होती. खेड्यातल्या गरिबाच्या पोराला शाळा आहे पण छप्पर नाही, तर शाळा असून नसल्यासारखी, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरं, विद्यापीठाचा कारभार. १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात सभासद झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातील दुरुस्तीवर चर्चा झाली. महाडचा संग्राम चालू होता ते हे वर्ष. बाबासाहेबांनी तिथे अशी बाजू मांडली की विद्यापीठ म्हणजे नुसता परीक्षा घेणारा कारखाना नव्हे. उच्च शिक्षण गोरगरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूळ काम आहे. आणि ते व्हायचे असेल तर विद्यापीठाच्या सिनेटवर मागासलेल्या वर्गांची माणसेही बसली पाहिजेत. म्हणजे आमच्या पोरांना आत घ्या एवढंच ते मागत नव्हते. विद्यापीठ चालवताना आमचंही डोकं घ्या असं ते सांगत होते. हा मुद्दा आजही अर्ध्या विद्वानांच्या गळी उतरलेला नाही.

तिसरा पैसा. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्यांनी सरकारपुढे सविस्तर निवेदन ठेवले. बनारस आणि अलीगढ या विद्यापीठांना केंद्र सरकार दरसाल लाखोंचे अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाला का नाही, हा त्यांचा सवाल होता. त्यातून दरसाल ३ लाख रुपये मंजूर झाले. नुसती वकिली आणि कारकुनी शिकून भागणार नाही, आपल्या पोरांनी विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेतले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. काही विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने परदेशीही पाठवले गेले. आज आपण जिला भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतो तिची सुरुवात १९४४ सालची. दर वर्षी फॉर्म भरताना लेकरांना हे सांगत जा.

चौथी गोष्ट कायद्याची. घटनेच्या २९ व्या कलमात लिहिले आहे की सरकारी किंवा सरकारी मदतीच्या संस्थेत धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कुणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. पण १९५१ मध्ये मद्रास राज्यातील मेडिकल कॉलेजच्या प्रवेशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे तिथल्या जातवार जागा रद्द केल्या. मग त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन १५ व्या कलमाला चौथे उपकलम जोडले गेले. मागासवर्ग, अनुसूचित जाती आणि जमाती यांच्यासाठी सरकारला खास तरतूद करता येईल असे त्यात आहे. कायदामंत्री बाबासाहेब होते आणि संसदेत त्यांनी ही दुरुस्ती लढवली. कॉलेजातल्या आपल्या राखीव जागेचा पाया तो हा. ती कुणाची मेहेरबानी नव्हे.

मराठवाड्यासाठी नागसेनवन

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी येऊन गेले होते. इथल्या माणसाचं दैन्य त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. उच्च शिक्षण घ्यायचं तर हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ गाठायचं. गरिबाला ते कसं जमावं? आणि अस्पृश्याला तर त्याहून.

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. मी गिरणीत पाळी करणारा माणूस, मला या सकाळच्या वर्गांचं मोल कळतं. कामगारानं कामावरून काढून न घेता शिकावं, हा विचार ज्याच्या घरी चाळीतली एकच खोली होती त्यालाच सुचणार.

मग १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेब स्वतः तिथे येऊन राहत, बांधकामावर देखरेख करीत, झाडं कुठं लावायची तेही सांगत. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या हाती कारभार दिला. या कॉलेजला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव पडलं. मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्नामागून प्रश्न विचारणारा. भदंत नागसेन त्याला न चिडता, न टाळता उत्तरं देणारे. राजानं भिक्खूला प्रश्न विचारावेत आणि पटल्यावर शिष्य व्हावं! विद्यार्थ्यानं विचारावं आणि गुरुजींनी उत्तर द्यावं, ही बौद्ध परंपरा बाबासाहेबांनी कॉलेजच्या पाटीवरच लिहून ठेवली.

आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. ही कॉलेजं बाबासाहेबांनी एका जातीची केली नाहीत. सर्व जातीधर्मांच्या मुलांना तिथं प्रवेश होता, शिक्षकही सर्व समाजांतले होते. आपल्या पोरांसाठी वेगळं कुंपण घालून घेणं त्यांना सोपं होतं. पण त्यांना पोरं एका बाकावर बसलेली पाहायची होती. साताऱ्याच्या गोणपाटाला त्यांनी दिलेलं उत्तर हे होतं. खेड्यापाड्यांतून, तांड्यावरून आलेली फाटक्या कपड्यांतली पोरं मिलिंदमध्ये शिकली आणि प्राध्यापक, वकील, अधिकारी, लेखक झाली. दलित साहित्याची मोठी पेरणी याच नागसेनवनात झाली.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने आणि जानेवारी १९५३ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्मानाची पदवी दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला बुद्धाच्या ओटीत घातले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

कमानीवरचं नाव

बाबासाहेब गेल्यावर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, तेही नागसेनवनाच्या शेजारीच. ज्यांनी या भागात उच्च शिक्षणाची पहाट आणली त्यांचं नाव विद्यापीठाला द्यावं अशी मागणी झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. आणि मराठवाड्यात आगडोंब उसळला. आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं गावाबाहेर रानोमाळ झाली. नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांची हत्या झाली. लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव कमानीवर आलं. सोळा वर्षं! एका नावासाठी एवढं रक्त का सांडावं लागलं, याचा विचार करा. आम्ही शिकलेलं काही लोकांनी चालवून घेतलं, पण विद्यापीठ आमचंही आहे हे त्यांना सोसवलं नाही.

धम्म घेतल्यावर केंद्राच्या सवलती बंद झाल्या होत्या, तेही विसरू नका. महाराष्ट्राने १९६० मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्र सरकारने त्या द्यायला १९९० उजाडलं. मधल्या काळात किती लेकरांचं शिक्षण हुकलं असेल!

उमरग्याची कॉलेजं याच विद्यापीठाखाली आहेत. आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर बाबासाहेबांचं नाव छापून येतं. धाराशिवला उपकेंद्र झालं आहे. म्हणजे वाट झाली. पण चालणाऱ्याचे पाय पोळतात अजून. फी आधी भरावी लागते, शिष्यवृत्ती मागाहून येते. जात पडताळणीचा दाखला वेळेवर हाती पडत नाही. वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही, मेसचा खर्च झेपत नाही. इंग्रजी समजत नाही म्हणून वर्गात तोंड उघडत नाही, आणि राखीव जागेवरचा म्हणून कुणी खोचक बोललं की पोरगं आतून मोडतं. आपल्याच रस्त्यावरच्या हैदराबादला, केंद्रीय विद्यापीठात, १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्यानं जीवन संपवलं. गोणपाट गेलं, पण त्याची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे.

म्हणून आयाबायांनो, बापांनो, बाबासाहेबांची जयंती करताना त्यांचा हा कित्ता गिरवा. ते एकटे पुढं गेले नाहीत, मागच्यासाठी छप्पर, पैसा, कायदा आणि कॉलेज उभं करत गेले. आपल्याला कॉलेज काढता येणार नाही. पण विहारात रात्री दिवा लावून अभ्यासिका चालवता येईल. शिकलेल्या पोरांनी आठवड्यातून दोन दिवस इंग्रजी शिकवावं. ॲडमिशनच्या वेळी जाणत्या माणसानं सोबत जावं. वर्गणीतला थोडा भाग शिष्यवृत्ती येईपर्यंत फीसाठी उसना द्यावा, भथेनांनी बाबासाहेबांना दिला तसा. शहरात शिकणाऱ्या लेकराला आठ दिवसाला फोन करून मार्कांआधी त्याचं मन विचारावं. आणि पोरीला पोराच्या मागं ठेवू नका. तिचंही नाव त्या कमानीतून आत जाऊ द्या.

साताऱ्याच्या शाळेत बाहेर बसवलेल्या त्या विद्यार्थ्याचं हे ऋण आहे, आणि ते आपल्याच लेकरांकडून फेडून घ्यायचं आहे.

नमो बुद्धाय ! जयभीम !